कोटेशनमधली शेवटची ओळ : कमी बजेटमध्ये एसएमपीएस कसा निवडायचा

नागपुरात बर्डीतल्या कोणत्याही दुकानात असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन मागा. प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं, रॅम कोणत्या कंपनीची ते असतं, ग्राफिक्स कार्डाचं मॉडेल असतं. सगळ्यात खाली एक ओळ असते, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस, ४५० वॅट’. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा. त्याची कंपनी नाही, मॉडेल नाही. भंडारा, गोंदिया, वर्ध्याहून मुलं वडिलांना घेऊन येतात, पन्नास-साठ हजारांचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासतात आणि या ओळीवर नजरही न थांबवता पुढे जातात. माझं दुरुस्तीचं टेबल मानेवाड्याला आहे. उन्हाळ्यात तिथे येणारे बरेचसे कॉम्प्युटर या एका ओळीमुळे आलेले असतात. ज्यांच्याकडे पैसे मोजके आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, कारण बंद पडलेला पीसी दुसऱ्यांदा उभा करणं त्यांनाच सगळ्यात जड जातं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पैसे कमी असतील तर वॅटचा आकडा लहान चालेल, पण तो आकडा खरा पाहिजे. आणि तो नागपूरच्या मे महिन्यात खरा पाहिजे.

आकडा खरा की खोटा हे दुकानातच, डबा न फोडता, लेबल वाचून बरंचसं कळतं. एसएमपीएसच्या एका बाजूला तक्ता छापलेला असतो. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर. तुम्ही फक्त १२ व्होल्टचा रकाना बघा. आजच्या कॉम्प्युटरमधलं जवळजवळ सगळं काम १२ व्होल्टवर चालतं. प्रोसेसर त्यावर, ग्राफिक्स कार्ड त्यावर, पंखे त्यावर. तिथला अँपिअरचा आकडा १२ ने गुणा. ४५ अँपिअर लिहिलं असेल तर ५४० वॅट, म्हणजे ५५० चा एसएमपीएस खरंच ५५० च्या जवळपासचा आहे. पण डब्यावर ४५० आणि तक्त्यात १२ व्होल्टखाली १६ अँपिअर असतील तर तुमच्या हातात १९२ वॅट आहेत. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात भरलेले असतात. पंचवीस वर्षांपूर्वी मदरबोर्ड ५ व्होल्टवर जास्त ओढायचे, तेव्हा ती वाटणी बरोबर होती. २००० साली पेंटियम ४ आला, १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची केबल आली, आणि सगळा भार हळूहळू तिकडे सरकला. बाजारातल्या स्वस्त एसएमपीएसची रचना मात्र अजून तिथेच थांबलेली आहे.

काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची बेरीज करून दाखवतील. करू नका. तक्त्याच्या खाली दोन्हींचा मिळून कमाल आकडा वॅटमध्ये दिलेला असतो, तो धरा. तो दिलेलाच नसेल तर एसएमपीएस परत काउंटरवर ठेवा. “भाऊ, वर पाचशे लिहिलं आहे ना!” असं कोणी म्हटलं तर शांतपणे या रकान्यावर बोट ठेवा. प्रामाणिक दुकानदार लगेच दुसरा डबा काढतो, आणि तसे दुकानदार बर्डीत बरेच आहेत. ग्राहक विचारतच नाही म्हणून ते दाखवत नाहीत, एवढंच.

आता आपल्याला लागतं किती? लोक समजतात त्यापेक्षा कमी.

रायझन ५ ५६००जी घेतला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, असा पीसी कॉलेजच्या मुलाला, टॅली करणाऱ्याला किंवा डीटीपीवाल्याला पुरतो. हा प्रोसेसर पूर्ण जोर लावतो तेव्हा साधारण ८८ वॅट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एखादी हार्डडिस्क, पंखे यांचे ४०-५० धरा. १४० वॅटच्या आत काम झालं. इथे चांगला ४०० किंवा ४५० भरपूर आहे आणि ६५० घेणं म्हणजे रॅमचे पैसे वाया घालवणं आहे.

गेम खेळणाऱ्या पोट्ट्यांचं गणित वेगळं. समजा आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ४०६०. प्रोसेसरची कमाल मर्यादा ११७ वॅट, कार्डाची ११५, बाकी ५०. बेरीज २८२. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस करते. २८२ ला ५५० कशाला, हा प्रश्न मला नेहमी येतो. एक कारण म्हणजे ग्राफिक्स कार्ड सरळ रेषेत वीज घेत नाही. क्षणाच्या अगदी लहान भागासाठी ते सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतं आणि कमकुवत एसएमपीएस त्या उडीला घाबरून बंद होतो. खेळताना मध्येच काळा पडदा आणि पीसी रिस्टार्ट, हे लक्षण बहुतेक वेळा त्याचंच. दुसरं कारण, निम्म्या भाराच्या आसपास एसएमपीएसची कार्यक्षमता सगळ्यात जास्त असते. तिसरं, दोन वर्षांनी तुम्ही कार्ड बदलणार. या जोडीला खरा ४५० चालतो, मी चालवलेला आहे, पण आपल्या हवेत मी ५५० च सुचवीन. सेकंडहँड आरएक्स ५८० घेणार असाल तर एकटं कार्ड १८५ वॅटचं आहे, तिथे ५५० च्या खाली अजिबात जाऊ नका.

आणि आपली हवा म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. दर वर्षी एवढा जात नाही, पण मेअखेरच्या नवतपात ४५ च्या आसपासचे दिवस आपण सगळेच काढतो. बाहेर ४५, कूलर चालू असलेल्या खोलीत ३२-३५, कॅबिनेटच्या आत त्याहून दहा-पंधरा जास्त. एसएमपीएस ती हवा ओढून स्वतःला गार करायला बघतो.

इथे दोन आकडे शोधा. एसएमपीएसचा ‘पूर्ण वॅट’ कोणत्या तापमानाला मिळतो हे चांगल्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात लिहितात. काहींचा ४० अंशाला असतो, काहींचा ५० ला. ज्यांचा २५ अंशाचा असतो त्या सहसा लिहीतच नाहीत. नागपुरात ५० अंशाचा मिळाला तर दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. डब्यावरच्या ८० प्लसच्या शिक्क्याने या बाबतीत समाधान मानू नका, कारण ती चाचणी साधारण २३ अंशाच्या खोलीत होते. तो शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. मेमध्ये किती टिकेल ते सांगत नाही.

दुसरा आकडा कपॅसिटरचा. एसएमपीएसमध्ये सगळ्यात आधी म्हातारे होतात ते कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे पुर्जे. त्यांच्यावर ८५ अंश किंवा १०५ अंश छापलेलं असतं. त्यांचा साधा नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, चढलं की निम्मं. समजा दोन्ही कपॅसिटर आपापल्या कमाल तापमानाला २००० तासांचे आहेत आणि तुमच्या एसएमपीएसच्या आत ६५ अंश आहे. ८५ वाल्याला मिळाले ८००० तास, १०५ वाल्याला ३२,००० तास. रोज दहा तास चालणाऱ्या कोचिंग क्लासच्या पीसीत पहिला सव्वादोन वर्षांत संपला. दुसरा संपेपर्यंत पीसीच जुना होईल. हे कपॅसिटर बाहेरून दिसत नाहीत, पण ‘१०५ अंशाचे’ असतील तर कंपनी डब्यावर अभिमानाने लिहिते. सगळेच १०५ चे, असं लिहिलं आहे की फक्त मुख्य कपॅसिटरचं, तेही वाचा.

एसएमपीएस उघडून बघण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज काही काळ साठून राहते. ते काम ज्याचं आहे त्यालाच करू द्या.

मी उघडतो, म्हणून आत काय असतं ते सांगू शकतो. निनावी एसएमपीएसच्या बोर्डवर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली असते आणि तिथे कॉइलऐवजी साधा तारेचा तुकडा झाळलेला असतो. उच्च व्होल्टेज आलं तर ते शोषून घेणाऱ्या पुर्ज्याची जागा रिकामी असते. मेच्या शेवटी वादळ येतं, डीपीवर ठिणगी उडते, लाइट जातात नि झटक्यासारखे परत येतात. त्या झटक्यासमोर मग काहीच उभं नसतं. नुसता एसएमपीएस गेला तर नशीब. कधीकधी तो मदरबोर्ड आणि हार्डडिस्क सोबत घेऊन जातो. एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्या डिस्कवर होता. तिचे वडील पीसी घेऊन आले तेव्हा त्यांनी भाव विचारला नाही, फक्त फाइल निघतील का एवढं विचारलं. त्या दिवसापासून एसएमपीएसबद्दल मी जरा जास्तच बोलतो.

८० प्लसचा शिक्का बिनकामाचा आहे असंही नाही. साधा, ब्रॉन्झ, गोल्ड असे दर्जे असतात. ब्रॉन्झ मिळवायला कंपनीला आतली रचना बरी ठेवावीच लागते, त्यामुळे कमी बजेटमध्ये ब्रॉन्झ ही माझी खालची रेघ आहे. गोल्ड घ्यावा का? विजेच्या बिलाचा हिशेब करू. पीसी सरासरी १५० वॅट खातो, रोज पाच तास. ब्रॉन्झची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून १७६ वॅट, गोल्डची ९० धरली तर १६७. फरक साधारण १० वॅट. वर्षाचे १८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी १८० रुपये. गोल्डसाठी दीड-दोन हजार जास्त मोजले तर वसूल व्हायला आठ-दहा वर्षं. दिवसभर चालणाऱ्या स्टुडिओच्या किंवा रेंडरिंगच्या मशीनला गोल्ड जरूर घ्या. घरच्या पीसीला तेच पैसे एसएसडीत घाला.

मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेला छोटा लाल स्विच दिसला तर तो एसएमपीएस घेऊ नका. तो स्विच असणं म्हणजे आत जुनी रचना आहे, ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट, एकसारखी ओढणारी यंत्रणा) नाही. शिवाय घरातल्या लहान मुलाने तो ११५ वर सरकवला आणि तुम्ही भिंतीवरचं २३० व्होल्टचं बटण चालू केलं तर मोठा आवाज होऊन सगळं संपतं. चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे याचा उपयोग उन्हाळ्याच्या संध्याकाळी कळतो. सगळ्या गल्लीचे एसी आणि कूलर एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो, पण असा एसएमपीएस बिनतक्रार चालत राहतो. त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. २००-२४० वाला तिथेच अडखळतो.

इन्व्हर्टरबद्दल मला सतत विचारतात. ॲक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुरकुरतो, कधी बंदही होतो. नवा इन्व्हर्टर घेणारच असाल तर प्युअर साइन वेव्ह घ्या. त्याच्या मागे यूपीएस मोड आणि इको मोड असा स्विच असतो, पीसीसाठी तो यूपीएस मोडवर हवा, नाहीतर लाइट जाताना अदलाबदलीला वेळ लागतो आणि पीसी बंद पडतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. यूपीएस तेवढ्यात भार उचलतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये मुख्य कपॅसिटर लहान असतो म्हणून तो तेवढाही थांबत नाही. लाइट नुसते मिचकले आणि पीसी रिस्टार्ट झाला, तर दोष बऱ्याचदा इथे असतो आणि लोक यूपीएसची बॅटरी बदलत बसतात. यूपीएस घेताना ‘६०० व्हीए’ बघून थांबू नका, बऱ्याच ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेम खेळणाऱ्या पीसीला मॉनिटर धरून ते काठावर येतं.

अर्थिंग. हा भाग एसएमपीएसच्या डब्यावर कुठेच नसतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना? तो एसएमपीएसचा दोष नसतो. त्याच्या आत फिल्टरचे बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर सगळा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. तुम्हाला मुंग्या येतात आणि पेनड्राइव्ह, प्रिंटरचे पोर्ट जळतात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये खुपसून वापरणं आजच बंद करा. आणि घरचं अर्थिंग असूनही एप्रिल-मेमध्ये मुंग्या येत असतील तर अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घ्या, त्याचे पैसे एसएमपीएसच्या बजेटमध्येच धरा.

कूलरसमोर पीसी ठेवण्याची सवय आपल्याकडे फार. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा त्याचा त्रास कमी, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावरही कूलर चालू राहतो, आणि तो दमट वारा धुळीला चिकट करून एसएमपीएसच्या आत बसवतो. पीसी कूलरच्या झोताबाहेर ठेवा. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाला असेल तर खाली जाळी आहे ना बघा आणि पीसी थेट फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा.

केबलमध्ये घाई करू नये. तुमच्या कार्डाला सहा पिनांची किंवा आठ पिनांची जी जोडणी लागते ती एसएमपीएसमधूनच सरळ निघाली पाहिजे. सहा पिनांतून ७५ वॅट जातात, आठमधून १५०. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला जोडून सहा पिन काढून देणारं शे-दीडशे रुपयांचं कन्व्हर्टर मिळतं. साटाच्या पिना १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या वर झेलायला बनवलेल्याच नाहीत. ते प्लास्टिक वितळलेलं मी पाहिलं आहे, कृपा करून घरात लावू नका. वायरवर बारीक अक्षरात १८ एडब्ल्यूजी छापलं असेल तर जाडी ठीक. २० किंवा २२ असेल तर वायर बारीक आहे, इथे आकडा वाढला की जाडी घटते. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा एसएमपीएस घेतला तर जुन्या एसएमपीएसच्या केबल त्याला कधीही जोडू नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या जागी गेले की हार्डडिस्क तिथेच मरते.

ज्यांचं बजेट फारच कमी आहे ते ऑफिसमधून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स घेतात. चांगली गोष्ट आहे, त्यातला एसएमपीएस २४० वॅटचा असला तरी नेकीचा असतो. पण त्याची मदरबोर्डची जोडणी बऱ्याच मॉडेलमध्ये नेहमीच्या २४ पिनांची नसते, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. अशा मशीनमध्ये वेगळी केबल न लागणारं, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅट घेणारं जीटीएक्स १६५० बसवा आणि एसएमपीएसला हात लावू नका. कॅबिनेट बुटकं असेल तर कार्ड लो प्रोफाइलचं लागेल, मापं आधी घ्या. सुटा सेकंडहँड एसएमपीएस मात्र मी कोणालाच घेऊ देत नाही. वापरलेलं कार्ड चालवून बघता येतं, वापरलेल्या कपॅसिटरचं उरलेलं आयुष्य दिसत नाही.

मग घ्यायचा कोणता? निनावी एसएमपीएस सहाशे-आठशेत मिळतो. ब्रॉन्झ ४५० ला साधारण तीन-साडेतीन हजार, ब्रॉन्झ ५५० ला चार-साडेचार हजार लागतात, भाव वरखाली होतात. कार्ड नसलेल्या पीसीला कोर्सेअरची सीव्ही मालिका पुरेशी आहे. कार्ड असेल तर कोर्सेअर सीएक्स, कूलर मास्टरची एमडब्ल्यूई ब्रॉन्झ व्ही२, डीपकूलची पीके, यांतला त्या दिवशी स्वस्त असेल तो घ्या. एकाच नावाची जुनी-नवी आवृत्ती दुकानात शेजारी असते, तक्ता प्रत्येक वेळी वाचा. वॉरंटीची वर्षं म्हणजे कंपनीचा स्वतःच्या मालावरचा विश्वास, पाच वर्षांचा मिळत असेल तर तीनवर समाधान नको. पैसे कुठून आणायचे? कॅबिनेट साधं घ्या, आरजीबीचे पंखे सोडा. काच आणि दिवे काढले की एसएमपीएसचे पैसे सुटतात.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर एसएमपीएसचा सीरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलावर वाचलेले पैसे वॉरंटीच्या दिवशी परत द्यावे लागतात. सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे की माल मुंबईला पाठवावा लागेल, हेही पैसे देण्याआधी विचारा.

घरी आणल्यावर दुकानाची बदलून द्यायची मुदत असते तेवढ्यात त्याला घाम काढा. हिरवी वायर काळ्याला जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यातून फक्त तो जिवंत आहे एवढंच कळतं. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, कूलर बंद करून, गेम किंवा जड रेंडर तासभर चालवा. तो चालू असतानाच मल्टिमीटर डीसीवर ठेवून एखाद्या मोकळ्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये (जुन्या हार्डडिस्कला लागायचा तो) पिवळा आणि काळा मोजा, एकाच वेळी दोन पिनांना टोक लागणार नाही हे सांभाळून. ११.४ ते १२.६ च्या आत हवं. लाल आणि काळा ४.७५ ते ५.२५. चांगला एसएमपीएस १२ च्या अगदी जवळ राहतो आणि भार चढला तरी जागचा हलत नाही. आकडा ११.५ कडे घसरत असेल, जळका वास येत असेल किंवा किर्र आवाज वाढत असेल, तर पीसी बंद करा आणि बिल घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान गाठा.